पौर्णिमेची रात्र, मामा तलाव अन् उघडं शटर

माझा तलावाचा फोटो पाहिला की पहिला प्रश्न ठरलेला, "दिवसाचा फोटो काळा केला का रे?" अन् दुसरा त्याहून वाईट, "कोणतं अ‍ॅप?" आकाश निळं, पाळीवरचं मोहाचं झाड हिरवं, काठाच्या बेशरमीची फुलंसुद्धा दिसून राहिली, अन् वरती तारे. निळ्या आकाशात तारे म्हटल्यावर माणसाला संशय येणारच, त्यांनाही दोष देत नाही. पण अ‍ॅप नाही, रात्रच आहे ती, पौर्णिमेची, अन् कॅमेऱ्याचं शटर चार मिनिटं उघडं होतं इतकंच. आता हे "इतकंच" म्हणजे काय ते एकदा सविस्तर लिहून टाकतो, म्हणजे लिंक पाठवता येईल, दरवेळी बोलावं लागणार नाही.

आमचं गाव साकोलीकडे, भंडारा जिल्हा, धानाचा मुलूख. गावाला जुना मामा तलाव आहे. बाहेरच्यांना हे नाव गमतीचं वाटते, पण ते माजी मालगुजारीचं लहान रूप. कोहळी लोकांनी अन् जुन्या मालगुजारांनी बांधलेले हे तलाव, १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली अन् तलाव सरकारजमा झाले. आमच्या तलावाला एका बाजूनं मातीची लांब पाळ, टोकाला जादा पाणी जायचं सलंग, मधात पाण्यात उभी असलेली तीनचार वठलेली झाडं. दिवसा पाहाल तर खास काही नाही, म्हशी बसलेल्या, पोरं गळ टाकून बसलेली. मी पण इतकी वर्षं त्याच पाळीवरून शाळेत गेलो, कधी फोटो काढावा वाटला नाही. रात्री चांदणं पडल्यावर मात्र त्या वठलेल्या झाडांचं काहीतरी वेगळंच होते.

सामान फार नाही. जुना क्रॉप सेन्सरचा, म्हणजे फोटो टिपणारी चकती जरा लहान असलेला डीएसएलआर, त्याच्यासोबत आलेलीच १८-५५ ची लेन्स, बरा ट्रायपॉड अन् वायरचं रिमोट. हे रिमोट पाहिजेच, कारण बहुतेक कॅमेरे ३० सेकंदांच्या पुढं स्वतःहून शटर उघडं ठेवत नाहीत, मग बल्ब मोडवर टाकून बटण दाबून धरावं लागते, अन् बोटानं चार मिनिटं दाबून धरलं तर कॅमेरा हलणार म्हणजे हलणार. रिमोटच्या बटणाला लॉक असते, दाबलं, सरकवलं, हात खिशात घातले. लेन्सवर इमेज स्टॅबिलायझेशनची खटकी असते ती ट्रायपॉडवर बंद करायची, नाहीतर ते यंत्र नसलेलं हलणं दुरुस्त करायला जाते. पाळीची माती ओली असली की ट्रायपॉडचे पाय हळूहळू रुततात, डोळ्याला कळतही नाही, पण फोटोत झाडाच्या दोन दोन कडा येतात. म्हणून पायाखाली चपटे दगड. हे दगड मी मोहाच्या बुडाशीच ठेवून देतो आता, कोण नेते.

फोकस अंधार पडायच्या आधीच करून ठेवायचा. संध्याकाळी पलीकडच्या काठावरच्या झाडावर ऑटोफोकस लावायचा, मग लेन्स मॅन्युअलवर टाकायची अन् रिंगला मेडिकलवाल्याकडची पांढरी चिकटपट्टी मारायची. उशीर झाला तर चंद्रावर पण फोकस बसते.

आता उजेडाचं. पौर्णिमेचा चंद्र आपल्याला लख्ख वाटते पण त्याचा उजेड उन्हाच्या सुमारे ४ लाख पट कमी आहे. हा आकडा वाचून मी पहिले सोडून दिला होता, मग एकदा हिशोब करून पाहिला तेव्हा गंमत लक्षात आली. भर उन्हात आयएसओ (सेन्सर उजेडाला किती चटकन दाद देते तो आकडा) १०० अन् अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक, आकडा लहान तितकं भोक मोठं) ५.६ वर साधारण एका सेकंदाचा हजारावा भाग इतकं शटर लागते. त्याला ४ लाखांनी गुणा. ४०० सेकंद आले, म्हणजे साडेसहा मिनिटांच्या वर. म्हणजे तितका वेळ शटर उघडं ठेवलं तर पौर्णिमेच्या रात्रीचा फोटो अन् दुपारी बाराचा फोटो यांच्या उजेडात फरक राहत नाही! कारण चांदणं म्हणजे चंद्रावर पडून आपल्याकडं आलेलं ऊनच. दिवसा आकाश ज्या कारणानं निळं असते त्याच कारणानं ते पौर्णिमेच्या रात्रीही निळं असते, हवा तीच, निळा प्रकाश विखुरणं तेच, फक्त इतकं मंद की आपल्याला दिसत नाही. मी चार मिनिटांवर थांबतो. दुपार नाही करायची मला त्याची, थोडा काळोख कोपऱ्यात राहू देतो.

चार मिनिटांचं दुसरं एक कारण आहे. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. म्हणजे तारे बिंदू न राहता छोट्या छोट्या रेघा होतात, उत्तरेकडं ध्रुवाच्या भोवती कमी अन् त्याच्यापासून दूर जाल तशा लांब. ज्यांना बिंदूच पाहिजेत त्यांनी आयएसओ ८०० करा, अ‍ॅपर्चर ४, अन् १५ सेकंद. उजेड तितकाच जमा होतो, पण फोटो साफ वेगळा. १५ सेकंदांच्या फोटोत पाण्यावर थोडी कुरकुर राहते, धुकं ढगाढगासारखं दिसते, रात्र ओळखीची वाटते. चार मिनिटांच्या फोटोत हे सगळं जाते.

जाते म्हणजे काय होते, हे समजायला मला वेळ लागला. आपला डोळा उजेड साठवत नाही. सेकंदाच्या जराशा भागापुरतं घेते, पुसते, परत घेते. सेन्सर पुसत नाही. कवेलूतून टपटप गळत असते तिथं खाली गंज, म्हणजे पातेलं, ठेवला की सकाळपर्यंत भरते, थेंबाकडं पाहून कुणाला वाटत नाही, तसं ते. अन् जे एका जागी आहे त्याचा उजेड एकाच जागी जमा होते, जे हलते त्याचा सगळीकडं थोडा थोडा पसरते. लाटेचा माथा आता इथं, मग तिथं, चार मिनिटांत प्रत्येक जागी माथाही येऊन गेला अन् खळगाही, राहिली ती सरासरी, एकदम सपाट पाणी. वठलेलं झाड मात्र जागचं हलत नाही, ते भिनत जाते, सालीच्या भेगा मोजता येतील इतकं. त्या झाडांचं "वेगळंच होते" म्हणालो ते हे. त्या रात्री त्या तलावात न हलणारी तेवढीच होती, बाकी सगळं चालू होतं.

सावल्यांचं तर अजून न्यारं. चंद्रही चार मिनिटांत एक अंश सरकते, म्हणजे स्वतःच्या रुंदीच्या दुप्पट. सावली त्याच्यासोबत सरकते. एका झटक्यात काढलेल्या फोटोत फांदीची सावली जशी धारदार येते तशी इथं येत नाही, कड विरघळलेली येते. पाहणाऱ्याला कळत नाही काय बिघडलं आहे, पण उजेड विचित्र वाटते, दिवसाचाही नाही अन् रात्रीचाही नाही. माझ्या मते लोकांना जे "गूढ" वाटते त्यातलं निम्मं या मऊ सावल्यांचं आहे, निळ्या रंगाचं नाही. ही गोष्ट फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. फ्रान्समध्ये निसेफोर न्येप्सनं १८२६-२७ च्या सुमारास घराच्या खिडकीतून जो फोटो काढला, आज शिल्लक असलेल्यांत कॅमेऱ्यानं काढलेला तोच सगळ्यात जुना धरतात, त्यात शटर नाहीच, कित्येक तास उजेड पडत राहिला, तेवढ्यात सूर्य एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेला, अन् समोरासमोरच्या दोन्ही भिंती एकाच फोटोत उन्हात आल्या. कोणी खोटं केलं नव्हतं.

जायचं कधी, यावर मी बराच डोकं लावलं. अष्टमीला जाऊन फायदा नाही. अर्धा चंद्र म्हणजे अर्धा उजेड असं वाटते, पण तो पौर्णिमेच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकाच असते. अन् हिवाळ्यातल्या पौर्णिमेला मध्यरात्री पण जाऊ नका. मार्गशीर्ष-पौषातला पुरा चंद्र आपल्याकडं रात्री बारा वाजता जवळपास डोक्यावर येते, सावल्या झाडाच्या बुडाशी गोळा, सगळं चपटं. चंद्र निघून दीड-दोन तास झाले की बाजूनं उजेड येते, तेव्हा पाळीचे उंचसखल दिसतात. मला सगळ्यात आवडते ती पौर्णिमेनंतरची दुसरी-तिसरी रात्र. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटांनी उशिरा निघते, तर अंधार पडल्यावर आधी थोडा वेळ नुसते तारे भेटतात, अन् मग पूर्वेकडून उजेड हळूहळू पाण्यावर उतरते.

थंडीचं एक बरं असते की सेन्सर तापत नाही. मे महिन्यात हेच करून पाहा, फोटोभर लाल-निळे ठिपके येतात. शटर बराच वेळ उघडं ठेवणं म्हणजे लाँग एक्स्पोजर, अन् कॅमेऱ्यात लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन म्हणून सेटिंग असते, ते चालू केलं की चार मिनिटांच्या फोटोनंतर कॅमेरा शटर बंद ठेवून परत चार मिनिटं एक काळा फोटो घेते, अन् त्यातले ठिपके पहिल्यातून वजा करते. म्हणजे एका फोटोला आठ मिनिटं. ज्यांना घाई आहे त्यांनी या भानगडीत पडू नये.

पण थंडीचं वाईट म्हणजे दव. पाण्याच्या काठावर, रात्री नऊनंतर, लेन्सच्या काचेवर इतकं बारीक दव बसते की बॅटरी मारल्याशिवाय दिसत नाही अन् फोटोत मात्र चंद्राभोवती भलं मोठं खळं. पुसलं की परत बसते. काच हवेपेक्षा गार झाली की बसणारच ते. यावर बाजारात गरम पट्ट्या मिळतात म्हणे, मी आईकडून वाटीभर तांदूळ कढईत कोरडे भाजून घेतले, ते जुन्या मोज्यात भरले अन् मोजा लेन्सभोवती रबरबँडनं बांधला. तासभर आरामात टिकते. घरी येऊन ते तांदूळ कोंबड्यांना. आईचं म्हणणं की धानाच्या मुलखात जन्मून तांदळाचा हा उपयोग आमच्या खानदानात पहिल्यांदाच झाला.

कॅमेऱ्याचा स्क्रीन पाहिला की डोळ्याला झालेली अंधाराची सवय मोडते, परत नीट दिसायला अर्धा तास लागते. म्हणून मी बॅटरीला लाल जिलेटिन कागद लावतो, लाल उजेडानं तितकं बिघडत नाही. आता विचार करा, पौर्णिमेची रात्र, पाळीवर एकटा माणूस, तीन पायांचं काहीतरी उभं केलेलं, अन् लाल बत्ती. आमच्याकडं याचा अर्थ एकच होते, गुप्तधन. धानाची पुंजणी शेतात असली की रानडुकरांसाठी जागल चालू असते, तिथून एक म्हातारबुवा काठी घेऊन आलेच.

"कोन होय जी तिकडं? काय खोदून रायला?"

नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, मग काठी खाली आली. फोटो काढतो म्हटलं तर विश्वास बसेना, कारण काही होतच नव्हतं, कॅमेरा नुसता उभा. "माहा नातू तं मोबाइलनं टचकन काढते, अन् तुया मशिनीले इतका वेळ?" मी म्हटलं, काकाजी बसा, होऊन जाईल. ते बसले, बिडी पेटवली. आठ मिनिटांनी स्क्रीनवर फोटो आला.

"हा तं दिवस होय."

"दिवस कुठं काकाजी, तारे पाहा ना."

त्यांनी स्क्रीन पाहिला, मग तलाव पाहिला, परत स्क्रीन. "मंग माह्या डोऱ्याले हिरवं काऊन नाही दिसत?"

इतका नेमका प्रश्न मला आजवर एकाही शिकलेल्या माणसानं विचारला नाही. डोळ्यात दोन तऱ्हेच्या पेशी असतात, रंग ओळखणाऱ्या पेशींना भरपूर उजेड लागते, अन् कमी उजेडात चालणाऱ्या ज्या आहेत त्यांना रंग कळत नाही. चांदण्यात आपण त्या दुसऱ्या पेशींवर काम चालवतो, म्हणून मोहाचं झाड राखाडी. रंग तिथं असतोच, आपल्याला पोचत नाही. त्या पेशी निळ्या-हिरव्याकडं जास्त झुकलेल्या असतात म्हणून चांदणं आपल्याला निळसर वाटते, खरं म्हणजे चांदणं उन्हापेक्षा जरा पिवळटच आहे. मी व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोचा रंग पिवळट की निळसर ते ठरवणारं सेटिंग, ४००० केल्विनच्या आसपास ठेवतो, ती आवडीची गोष्ट आहे. पण गडद निळा रंग ओतून "चांदणी रात्र" करणारे जे फोटो फिरतात ते मला झेपत नाहीत. तसंच आकाश दुसरीकडून आणून चिकटवणं. एक्स्पोजर लांब करणं अन् आकाश बदलणं याला लोक एकाच तराजूत तोलतात, एडिट म्हणजे एडिट. मला ते पटत नाही. पहिल्यात जे आलं ते त्या जागी त्या वेळात होतं, तिळभर बाहेरचं नाही.

काकाजींना हे सगळं मी जमेल तसं सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे माहा डोरा कामातून गेला नाही ना? मंग ठीक." अन् गेले डुकरं हाकलायला.

त्याच रात्रीच्या दुसऱ्या एका फोटोत पलीकडच्या शेताच्या धुऱ्यावरून एक पांढरी रेघ वाकडीतिकडी गेलेली आहे. कोणीतरी पाण्याची मोटार चालू करायला निघालं होतं, आमच्याकडं शेतीची लाइन कधी कधी रात्रीची असते. माणूस कुठंच नाही, नुसती त्याच्या बॅटरीची रेघ, मधात एका जागी गाठ पडल्यासारखा ठिपका, तिथं तो थांबला असणार. मी तो फोटो डिलीट करणार होतो. आता तोच मला सगळ्यात आवडते. एक डोंगाही त्या रात्री पाण्यातून गेला, जाळं टाकायला. त्याचा तर मागमूस नाही.

सलंगावरच्या पाण्याचं थोडक्यात. पावसाळ्यात सलंग वाहायला लागलं की सगळे तिथं ३० सेकंदांचे फोटो काढतात अन् पाण्याचा नुसता पांढरा लोट येते, मला त्यात पाणी दिसतच नाही. अर्धा सेकंद, फार तर एक, म्हणजे धारा धारा राहतात अन् ओढही कळते. दिवसा इतका वेळ शटर उघडं ठेवायला काळी काच लागते, एनडी फिल्टर. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा, तर १० स्टॉपची काच उजेड हजार पट कमी करते, सलंगाला ती जास्त होते, ६ ची बस. या दोन्ही काचा माझ्याकडं आल्या अन् मग डोक्यात किडा वळवळला की दोन्ही एकमेकींवर लावल्या तर. १६ स्टॉप, म्हणजे उजेड ६५,५३६ पट कमी. जिथं सेकंदाचा सव्वाशेवा भाग लागला असता तिथं पावणेनऊ मिनिटं.

हे घेऊन मी आठवडी बाजारात गेलो. डोक्यात होता डागेरचा १८३८ चा पॅरिसचा फोटो, रहदारीचा रस्ता पण सगळा ओसाड, कारण काही मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये घोडागाड्या अन् माणसं उमटलीच नाहीत, फक्त एक माणूस बूट पॉलिश करून घ्यायला उभा होता तो राहिला. माणसाचा पहिला फोटो म्हणून तोच सांगतात. एका किराणा दुकानाच्या ओट्यावर ट्रायपॉड लावला. समोर भाजीची ओळ, गर्दी मरणाची, अन् पोरं लेन्ससमोर येऊन तोंडं वेडावून राहिली होती, मी काही बोललो नाही, वेडवा म्हटलं.

फोटो आला तो असा: दुकानांची पालं ताणलेली, बल्ल्या उभ्या, लाखोळीच्या डाळीचं पोतं तोंड उघडं करून बसलेलं, अन् माणूस नाही. पोरं तर नाहीतच. विकणाऱ्या बाया बसल्या जागी होत्या म्हणून लुगड्यांचे रंग तेवढे धुरकट उमटले, चेहरे पुसलेले, सारख्या इकडंतिकडं बोलत होत्या ना. अगदी पुढं वांग्यांचा ढीग होता. त्याच्या खालच्या थरातली वांगी एकदम ठसठशीत, देठाच्या काट्यांसकट, अन् वरचा अर्धा ढीग आरपार दिसते, त्याच्या मागची पाटी त्याच्यातून दिसते. नऊ मिनिटांत तेवढी विकल्या गेली होती. किती वेळ मी त्या वांग्यांकडंच पाहत बसलो.

वांगेवाली मावशी उठून आली. "दाखव माहा फोटू." दाखवला. तिनं वांगी ओळखली, पाटी ओळखली, मागचं पाल कोणाचं ते सांगितलं.

"अन् मी कोठं हाओ?"

"तुम्ही हलून राहिल्या होत्या मावशी, हे पाहा, हे लुगडं."

"लुगडं हाय अन् मी नाही? मी का मेली काय?" आजूबाजूच्या बाया हसायला लागल्या. मी तिला डागेरचं सांगायला गेलो, पॅरिसपर्यंत पोचलोही नसेन, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मग दोन्ही काचा काढल्या, सव्वाशेवर एक साधा फोटो मारला, ती तराजू धरून, कॅमेऱ्याकडं पाहून. पुढच्या बाजारी त्याची प्रिंट नेऊन दिली, सोबत तो नऊ मिनिटांचाही. साधा तिनं पिशवीत नीट ठेवला. दुसरा परत माझ्या हातात दिला अन् म्हणाली, "हा तूच ठेव बापा, यात वांगे लय चांगले आले."